सातव्या माळेचा जबाब

नांदेड,
३० ऑक्टोबर १९९६

प्रिय वासंती,
अनेक आशीर्वाद.

सुरेश दुकानाच्या मालासाठी हैदराबादला गेला होता. परतताना सिकंदराबाद स्टेशनवर त्यानं हिंदी पेपर घेतला, त्यात आपल्या मनीषाचा फोटो. इतक्या जवळ असून तू मामीकडे गेला का नाहीस, म्हणून मी त्याला बोलले. गाडीची वेळ झाली होती म्हणतो. खरं तर घाबरला. चाळिशीचा झाला, पण पोलीस म्हटलं की अजून माझ्या मागे लपतो.

पेपरात लिहिलंय की नारायणगुड्यातली नोकरी करणारी मुलगी नवरात्रात बेपत्ता झाली आणि तिच्या विधवा आईनं पोलिसांना दोनदा दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. पुढे असंही लिहिलंय की पोलिसांत जायच्या आधी आईनं मुलीची खोली पाण्यानं धुऊन काढली, अंथरूण धुतलं. शेजाऱ्यांनी पाहिलं म्हणे. पेपरवाले यापुढे काही लिहीत नाहीत, पण वाचणारा काय समजायचं ते समजतो.

नरहर असता तर तो बोलला असता पोलिसांशी. माझा धाकटा भाऊ, पण कचेरीत त्याचा शब्द कधी मागेपुढे झाला नाही. तू काय सांगितलंस, कसं सांगितलंस, मला सगळं लिही. फोन करू नकोस. आमच्या कोपऱ्यावरचा एसटीडीवाला निरोप द्यायच्या आधी त्याचा अर्थ गावाला सांगतो.

पोरगी सुखरूप आहे असं माझं मन सांगतं. तू जेवत जा.

पद्मावती

---

हैदराबाद,
६ नोव्हेंबर १९९६

ती. वन्संना वासंतीचा सा. न.

तुमचं पत्र आलं. पोरगी सुखरूप आहे असं तुमचं मन सांगतं, ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. बाकी जो भेटतो तो मला मन घट्ट करायला सांगतो.

सगळं लिहा म्हणालात. तुम्हाला लिहिता येईल, कारण तुम्हाला फोड करून सांगावं लागणार नाही.

तिसऱ्या माळेला संध्याकाळी मी घटासमोर वाती करत बसले होते. मनीषा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "आई, मी बाजूला आहे. वर जाते. ताट ठेवू नकोस, ऑफिसात जेवेन." मी मान वर केली नाही. बरं म्हटलं. एरवी मी काही पाळत नाही. सिकंदराबादला कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या मुलीला कोण चार दिवस बसवणार? पण घट बसले की पाळते. सासूबाईंनी तुम्हाला शिकवलं, तसं मला शिकवलं. गच्चीवरच्या खोलीला मागच्या गल्लीतून जिना आहे, तिथूनच ती जाते-येते. त्या दिवसांत मी वर जात नाही.

ती संध्याकाळी बसली म्हणून दुसऱ्या दिवसापासून मोजलं, तर सातव्या माळेला तिचा चौथा दिवस. न्हाऊन खाली येईल म्हणून मी चहा ठेवला. आली नाही. वर गेले तर अंथरूण गुंडाळलेलं, खोली आवरलेली. वाटलं, न्हाऊन परस्पर ऑफिसला गेली. दुसऱ्या दिवशी अष्टमी, होम, कुमारिका जेवायच्या. म्हणून मी तिची चादर, गोधडी भिजवली, फरशीवर पाणी ओतलं, गोमूत्र शिंपडलं. तुम्हीसुद्धा हेच केलं असतं. समोरच्या गच्चीवर हिंमतरावांची बायको त्रिवेणी कपडे वाळत घालत होती, तिनं पाहिलं.

रात्री मनीषा आली नाही. तिच्या मैत्रिणीकडे राहिली असेल असं स्वतःला सांगत मी सकाळ केली आणि मग पोलिसांत गेले. इन्स्पेक्टर तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलत होते. आजूबाजूला चार शिपाई. "बेटी को आख़िरी बार कब देखा?"

त्या सगळ्यांसमोर मी काय सांगायचं होतं, वन्सं? की मुलगी बाजूला बसली होती, म्हणून मी तिचं तोंडच पाहिलं नाही? मी म्हटलं, "कल सुबह, दफ़्तर जाते वक़्त." ते ऑफिसात गेले. ऑफिसवाले म्हणाले, त्या आठवड्यात ती आलीच नाही. ते परत आले, तेव्हा मी परवा म्हटलं. मग गप्प बसले. माझं गप्प बसणंसुद्धा त्यांनी लिहून घेतलं.

केबलवाले कॅमेरा घेऊन आले होते. दारावरची नावाची पाटी दाखवली. जामबागच्या आमच्या शाळेत मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून सांगितलं, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे, नाताळपर्यंत येऊ नका. भाजीवाला भाव सांगतो आणि पुढे काही बोलत नाही. दिवाळी आली आहे. मी फराळाचं काही करणार नाही, आणि यंदा कोणाकडून ताट येईलसं वाटत नाही.

गणपतीत तिला पुण्याच्या एका नव्या कंपनीची नोकरी चालून आली होती. मी म्हटलं, माझ्यामागे काय ते कर. ती पुन्हा बोलली नाही. मला वाटलं विषय संपला. हे पोलिसांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर घरात भांडण होतं असं लिहितील.

वासंती

---

नांदेड,
१८ नोव्हेंबर १९९६

प्रिय वासंती,
अनेक आशीर्वाद.

तू गप्प बसलीस तेच बरं केलंस. घरातल्या बायकांच्या गोष्टी चौकीत सांगायच्या नसतात. आज सांगशील, उद्या पेपरात येईल आणि सगळं हैदराबाद हसेल. पुन्हा बोलावलं तर डोकं दुखतं म्हण. पोलीस थोड्या दिवसांनी कंटाळतात, त्यांना रोज नवं काही मिळतं.

मनीषा सज्ञान आहे. स्वतःच्या पायानं कुठे गेली असेल, असंही असू शकतं. नाल्यात, तळ्यात, रुळांवर असं काही मनात आणू नकोस. आणि माझ्यामागे काय ते कर, हे तू म्हणायला नको होतंस. तरुण मुलीला ते वाक्य म्हणजे कुलूप वाटतं.

शाळेनं सुट्टी दिली आहे तर घराबाहेर पड. बाजारात जा, लोकांना दिसत राहा. घरात बसलीस तर आणखी बोलतील. आणि आधी त्या चष्म्याची काडी बसवून घे. घटाचा लाल दोरा बांधून किती दिवस काढशील? डोळ्यांवर ताण येतो, मग डोकं धरतं.

सुरेश नमस्कार सांगतो. त्याची मान अजून खाली आहे.

पद्मावती

---

हैदराबाद,
२७ नोव्हेंबर १९९६

ती. वन्संना वासंतीचा सा. न.

पत्र पोचलं. दुपारी वाचलं आणि दिवेलागणीला पुन्हा चष्म्याची ओळ काढून वाचली.

चष्म्याची काडी घट बसले त्या सकाळी मोडली. देव्हाऱ्यापुढे लाल दोरा होता, त्यानंच बांधली. तो चष्मा मी पोथीपुरता घरात लावते. चौकीत, शाळेत, बाजारात जुनाच लावून जाते. केबलवाले आले तेव्हाही जुनाच होता. सुरेश घरी आलाच नाही. मी तुम्हाला या काडीबद्दल कधी काही लिहिलेलं नाही.

म्हणून मी तुम्हाला काही विचारणार नाही. फक्त माझ्या लक्षात काय काय येत गेलं ते लिहिते.

तुमच्या भावाच्या महालयाच्या दिवशी मनीषा बाजूला होती. म्हणून त्या दिवशीचा सगळा स्वयंपाक मी एकटीनं केला, वड्यांचं पीठ सैल झालं. त्यानंतर लगेच नवरात्र. तिसऱ्या माळेला ती पुन्हा बाजूला कशी झाली? हे मला आता सुचलं. तेव्हा नाही सुचलं, कारण आपल्या घरात मुलीनं ते सांगितलं की कोणी उलट विचारत नाही, उठून दूर होतं. तिला ते माहीत होतं. तिला कोणी न पाहता जायला वेळ हवा होता, आणि तो या घरात एकाच मार्गानं मिळत होता. वर्गात मुलांना डोकं चालवा म्हणून ओरडते. माझ्याच मुलीनं चालवलं.

पण तिसऱ्या माळेला ती उंबऱ्याबाहेर जरा जास्त वेळ उभी होती. मी वाती करत होते.

ज्या कोणाला त्या काडीची काळजी आहे, तिला सांगा की माझं डोकं दुखत नाही. पत्ता मी विचारत नाही. थंडी पडायला लागली आहे, एवढंच कळवा की तिच्याकडे पांघरूण आहे की नाही. तिची गोधडी पोलिसांनी पुरावा म्हणून नेली आहे, नाहीतर मी पाठवली असती.

वासंती

---

नांदेड,
१५ डिसेंबर १९९६

वासंती,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला इतके दिवस लागले. तीनदा लिहून फाडलं.

पांघरूण आहे. मी माझं दिलं आहे.

तिसऱ्या माळेच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात उभी राहिली. हातात एक बॅग. म्हणाली, "आत्या, मी पुण्याला चालले आहे. आईला तिथून पत्र टाकीन. मला आज रात्री फक्त झोपू दे." मी तिला जेवू घातलं. रात्री तिनं तुझ्याबद्दलच सगळं सांगितलं. चष्म्याचं तेव्हाच. आई नवा करणार नाही, दोरा बांधून बसेल, म्हणाली आणि रडली. सकाळी मी तिला गाडीत बसवून दिलं. आता पुण्यात बायकांच्या वसतिगृहात राहते, त्या कंपनीत जाते.

पुढचं मी केलं. तिनं तुला लिहायच्या आधी मला विचारलं, आई कशी आहे. मी कळवलं की आईला मी सांगितलं आहे, ती चिडली आहे, एवढ्यात लिहू नकोस, राग उतरू दे. इकडे पोलीस, पेपर, तुझी शाळा, यातलं तिला काहीही माहीत नाही. सुरेशलाही मी तोंड उघडू दिलं नाही. मला वाटलं, कळलं तर ती पहिल्या गाडीनं परत येईल. आणि एकदा परत आली की पुन्हा निघणार नाही.

लग्नाआधी मी जामबागच्या कॉलेजात नाव घालणार होते. आई आजारी पडली, मला म्हणाली, आत्ता नको, मी बरी झाले की जा. बरी झाली आणि माझं लग्न नांदेडला ठरलं. मला वाटलं, एक तरी निघू दे. तुझं काय होईल ते मी मोजलं नाही. बाईमाणूस आहे, चार दिवस बोलतील नि विसरतील, असं धरून चालले.

आता तू म्हणशील ते करीन. सुरेशला सांगून तिला पुण्याच्या पोलिसांपुढे उभी करते.

पद्मावती

---

हैदराबाद,
१८ जानेवारी १९९७

ती. वन्संना सा. न.

सुरेशनं पुण्याहून तार केली, त्यानंतर इथे पोलिसांनाही निरोप आला. मनीषानं तिथे जबाब दिला की मी स्वतःच्या मर्जीनं आले आहे, माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. केस बंद झाली.

त्याच्या आधी मी एकटी चौकीत गेले होते. तिचा जबाब माझ्या जबाबापुढे खोटा वाटू नये म्हणून. इन्स्पेक्टरांना म्हटलं, शिपायांना जरा बाहेर पाठवा. मग सगळं सांगितलं: घट, बाजूला बसणं, चौथा दिवस, अष्टमीच्या आधी खोली का धुतली. ते लिहिता लिहिता थांबले. पेन टेबलावर ठेवलं.

"ये पहले दिन क्यूँ नहीं बोले अम्मा?"

मी म्हटलं, कसं बोलणार होते?

"हमारे घर में भी है ना," ते म्हणाले. "मेरी अम्मा अब भी मानते. आप बोल देते तो मैं उसी दिन समझ जाता."

वन्सं, आपण दोघी ज्या गोष्टीची लाज झाकत होतो, ती त्या माणसाच्या घरातही होती. तुम्ही लिहिलं होतंत, चौकीत सांगू नकोस, हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी मला चहा मागवला आणि गोधडी कागदात बांधून परत दिली. तिला लाखेचं सील लावलेलं होतं. ते काढताना कोपरा फाटला.

मुलगी सापडली हे कुठल्याच पेपरात आलं नाही. मी त्या हिंदी पेपरच्या कचेरीत गेले. ते म्हणाले, बघू. केबलवालेही आले नाहीत.

मनीषाचं पत्र आलं. दोन पानं. मराठी शाळा सोडल्यावर तिनं मराठी कधी लिहिलं नव्हतं, अक्षर चौथीतल्या मुलीसारखं आहे. माफी मागितली आहे, पुण्याचं हवापाणी लिहिलं आहे, मेसच्या भाताला नावं ठेवली आहेत. मीही तिला हवापाणीच लिहिलं.

तुमच्यावर मी रागावले आहे. ते जाईल, पण एवढ्यात नाही. म्हणून काही दिवस पत्र आलं नाही तर काळजी करू नका.

वासंती

---

नांदेड,
१२ सप्टेंबर १९९७

प्रिय वासंती,
अनेक आशीर्वाद.

काही दिवस म्हणालीस, पण उन्हाळा गेला, पाऊस संपत आला. तुझा राग मी मोजत नाही. पण सुरेश परवा हैदराबादला जाऊन आला. या वेळी तो घरी येणार होता, तुझ्या दाराला कुलूप होतं. गल्लीच्या तोंडाशी त्यानं विचारलं, तर दुकानदार म्हणाला, ती टीचर का, जिनं आपलीच मुलगी गायब केली ती?

अजून हे चालू आहे आणि तू मला एक ओळ लिहिली नाहीस.

मी ठरवलं आहे. दसऱ्याला मनीषाला घेऊन येते. मी तिला सगळं सांगितलं आहे, पोलीस, पेपर, माझं खोटं, सगळं. ती माझ्याशी महिनाभर बोलली नाही, आता बोलते. ऑटो चौकातच सोडायचा. तिथून पूर्ण गल्लीतून तिला चालत आणते, हिंमतरावांच्या दारात सोनं द्यायला पाठवते, त्या दुकानदारासमोर उभी करते. नीट साडी नेसवून. सगळ्यांनी आपापल्या डोळ्यांनी बघू दे. तुझ्यावरचं बालंट एका दिवसात जाईल. मी लावलं, मीच काढते.

हो म्हण.

पद्मावती

---

हैदराबाद,
२६ सप्टेंबर १९९७

ती. वन्संना वासंतीचा सा. न.

सुरेश आला त्या दिवशी मी शाळेत होते. वाचनालयात बसवलं आहे मला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा काही पालकांनी दुसऱ्या बाई मागितल्या. शाळेनं त्यांना नाही म्हटलं नाही आणि मलाही काढलं नाही. पुस्तकांना कव्हरं घालते. शांत काम आहे.

गल्लीत आता म्हणतात, सापडली तर आली का नाही? पुण्यात कोणती तरी दुसरी मुलगी उभी केली असेल. एकदा मी दाराशी थांबून उत्तर द्यायला गेले, पण बोलायला लागले की माझाच आवाज मला खोटा वाटतो. तो पहिला जबाब अजून माझ्या गळ्यात आहे.

गौरी बसल्या तेव्हा त्रिवेणी आली. वर्षभरात पहिल्यांदा. खण-नारळ ठेवला आणि पायरीवरच बसली. म्हणाली, "टीचरबाई, तुम्ही खोली का धूत होता ते मला त्याच दिवशी कळलं होतं. पोलिसांनी काय पाहिलं विचारलं, ते सांगितलं. का, ते विचारलं नाही."

मी म्हटलं, विचारलं असतं तर?

"मालक शेजारी उभे होते. तुम्ही सांगितलं नाही, मग मी कसं सांगू?"

मला तिच्यावर राग येईना. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. तुमच्यावरचा राग त्याच दिवशी गेला असावा, कारण तिला चहा दिला तेव्हा मनात आलं की वन्संना कळवायला हवं.

आता दसऱ्याचं. तुम्ही मनापासून लिहिलंत, पण तसं नको. वर्षभर मी या गल्लीत एकटी राहिले. बालंट घेऊन जगता येतं, हे मला आता माहीत आहे. सवय होते, जसं एका ताटाचा स्वयंपाक करायची होते. पण मनीषाला साडी नेसवून दुकानदारापुढे उभी केली, तर ती पुरावा म्हणून येईल. तिची गोधडी एकदा पुरावा झाली होती. सील काढताना फाटलेला तो कोपरा मी शिवला आहे, पण टाके दिसतात.

तिला मला भेटायचं असेल तर येऊ दे. दसऱ्याला, दिवाळीला, नाहीतर कधीही. नसेल यायचं तर तेही तिनं ठरवावं. मी पुन्हा माझ्यामागे वगैरे काही म्हणणार नाही. चष्मा मुद्दाम नवा केलेला नाही. तिनं येऊन रागवावं म्हणून ती काडी तशीच दोऱ्यात ठेवली आहे, आणि हे तुम्ही तिला सांगितलंत तरी चालेल.

परवापासून घटाची तयारी. यंदा मी मागच्या जिन्याला कुलूप घातलं. वरच्या खोलीत जुनी पुस्तकं नेऊन ठेवली, तिथे आता कोणाला बसायला जागा नाही. गोधडी खाली आणली आहे, माझ्या शेजारच्या पलंगावर.

मनीषाला एवढंच सांगा. ती कोणत्याही दिवशी आली, तरी पुढच्या दारानं यायचं. उंबऱ्याबाहेर थांबायचं नाही. सरळ आत यायचं, घटापर्यंत. मी मान वर करून बसलेली असेन.

वासंती